कॅनॅबिस कंपन्यांचे तिमाही निकाल कसे वाचावेत

टिपणाचा उद्देश

रायपूरच्या आमच्या महाविद्यालयात अभियांत्रिकी अर्थशास्त्र शिकवताना ताळेबंदापर्यंत आलो की अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. मोबाईलवरून परदेशी शेअर घेता येतात, मग कॅनडातल्या गांजा कंपन्यांचे शेअर कसे आहेत? दोन-चार डॉलरला मिळतात, म्हणजे स्वस्तच ना? विचारणारा बहुधा शेवटच्या वर्षाचा असतो आणि पहिल्या पगारातून काय घ्यायचे ते त्याच्या मनात आधीच ठरलेले असते.

कोणता शेअर घ्यावा किंवा घेऊ नये हे सांगणे या टिपणाचे काम नाही. कंपनी दर तीन महिन्यांनी जो निकाल जाहीर करते तो कोणत्या क्रमाने वाचावा, एवढेच येथे पाहायचे आहे. कॅनॅबिस उद्योग त्यासाठी चांगले उदाहरण आहे, कारण हिशेबाच्या बहुतेक सगळ्या अवघड जागा या एकाच उद्योगात भेटतात. टिपणाचे सार आधीच सांगतो. या कंपन्यांच्या निकालात निव्वळ नफ्याची ओळ सर्वांत कमी सांगते. रोख रकमेची आणि शेअरसंख्येची ओळ सर्वांत जास्त सांगते.

आकड्यांबद्दल एक सूचना. परदेशी अहवाल मिलियन आणि बिलियनमध्ये असतात. १० मिलियन म्हणजे १ कोटी आणि १ बिलियन म्हणजे १०० कोटी. येथे सर्व रकमा कोटींत दिल्या आहेत. कॅनडाचा डॉलर आणि अमेरिकेचा डॉलर वेगळे आहेत, हेही लक्षात ठेवावे.

१. पार्श्वभूमी

गांजा आणि हिशेब यांचे नाते आपल्या भागाला नवीन नाही. इंग्रजांच्या काळात रायपूर मध्य प्रांतात होते. त्या प्रांतात खंडव्याच्या परिसरात, आणि मुंबई इलाख्यात सातारा व अहमदनगरकडे, गांजाची लागवड होत असे आणि त्यावर सरकार परवाना व अबकारीतून उत्पन्न मिळवत असे. १८९३ मध्ये नेमलेल्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने १८९४ मध्ये अहवाल दिला. संपूर्ण बंदीपेक्षा कर आणि परवाना यांतून नियंत्रण ठेवावे, असा त्याचा कल होता. स्वतंत्र भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने, म्हणजे एनडीपीएस कायद्याने, चरस आणि गांजा यांवर बंदी आली. नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत, म्हणून भांग हा राज्यांच्या अबकारीचा विषय राहिला.

आज भारतात औद्योगिक हेम्पचे छोटे क्षेत्र आहे. उत्तराखंडने कमी नशेच्या हेम्पच्या लागवडीला परवाने दिले. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पच्या बिया, तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे हेम्प कंपनीत रतन टाटा यांनीही गुंतवणूक केली होती. पण ही कंपनी खासगी आहे. शेअर बाजारात नोंदणी नसल्यामुळे दर तिमाहीला निकाल जाहीर करण्याचे बंधन तिच्यावर नाही. म्हणून आपल्याला अभ्यासासाठी कॅनडाकडे जावे लागते.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला. त्याआधीच्या काही महिन्यांत शेअर बाजारात धुमाकूळ चालला होता. टिलरे या कंपनीने जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅकवर १७ डॉलरला शेअर विकले. १९ सप्टेंबरला तोच शेअर दिवसभरात ३०० डॉलरपर्यंत चढला आणि २१४ वर बंद झाला. त्या भावाने कंपनीची किंमत सुमारे २,००० कोटी डॉलर झाली. २०१८ या पूर्ण वर्षात कंपनीची विक्री मात्र सुमारे ४.३ कोटी डॉलर होती. म्हणजे वर्षभराच्या विक्रीच्या साडेचारशे पटींहून अधिक किंमत लोक मोजत होते. तिमाही निकाल वाचण्याची गरज कुठून येते, ते या एका भागाकारावरून कळावे.

२. निकाल कधी येतात, कुठे मिळतात

भारतात सेबीच्या २०१५ च्या नियमावलीतील नियम ३३ नुसार तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत द्यावे लागतात. कॅनडाच्या मुख्य बाजारांतील कंपन्यांनाही तिमाहीसाठी ४५ दिवस आहेत; वार्षिकासाठी ९० दिवस मिळतात. अमेरिकेच्या नियमांनुसार चालणाऱ्या कंपन्या तिमाहीला १०-क्यू आणि वर्षाला १०-के हा फॉर्म भरतात. ही कागदपत्रे अमेरिकेत एडगर आणि कॅनडात सेडार प्लस या सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतात. बातमीपत्र किंवा समाजमाध्यमावरचा तुकडा वाचण्यापेक्षा मूळ फॉर्म उघडण्याची सवय लावावी.

आर्थिक वर्ष कधी संपते हे आधी पाहावे. कॅनोपी ग्रोथचे वर्ष आपल्यासारखे ३१ मार्चला संपते. टिलरेचे वर्ष ३१ मे रोजी संपते. म्हणून जुलैच्या अखेरीस टिलरेचा चौथ्या तिमाहीचा आणि संपूर्ण वर्षाचा निकाल येतो, तर ऑगस्टमध्ये कॅनोपीचा पहिल्या तिमाहीचा. दोन कंपन्यांच्या "पहिल्या तिमाही" समोरासमोर ठेवून तुलना केली तर महिनेच जुळत नाहीत.

निकालासोबत एक प्रसिद्धीपत्रकही येते. ते कंपनी स्वतः लिहिते. त्यात "विक्रमी", "दमदार" असे शब्द वर असतात आणि रोख प्रवाहाचे पत्रक शेवटच्या पानांत असते. वाचन शेवटच्या पानांपासून सुरू केले तरी चालेल.

३. वाचनाचा क्रम

पहिली पायरी: महसूल, अबकारी वजा करून

कॅनडात वाळवलेल्या गांजावर उत्पादकाला प्रतिग्राम १ डॉलर किंवा विक्रीमूल्याच्या १० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढी अबकारी भरावी लागते. नियम ठरला तेव्हा प्रतिग्राम १० डॉलर भाव डोळ्यांसमोर होता, म्हणजे दोन्ही मार्गांनी १ डॉलरच. पुढे स्पर्धेमुळे भाव पडले. उत्पादकाला ४ डॉलर मिळत असतील तर १ डॉलर अबकारी म्हणजे २५ टक्के. भाव घसरला, पण कराचा रुपयातला वाटा वाढला. म्हणून अहवालात एकूण महसूल आणि निव्वळ महसूल अशा दोन ओळी दिसल्या तर नेहमी निव्वळ महसूल घ्यावा, आणि दोहोंतील फरक दर तिमाहीला किती टक्के आहे ते वहीत लिहून ठेवावे.

दुसरी गोष्ट, विक्री कोणाला झाली? कॅनडातील बहुतेक प्रांतांत उत्पादक आपला माल प्रांतीय सरकारी वितरकाला विकतो. वितरकाच्या गोदामात माल गेला म्हणजे तो ग्राहकाने घेतला असे नाही. सर्वांत मोठ्या ऑन्टारियो प्रांतात १ एप्रिल २०१९ पर्यंत एकही प्रत्यक्ष दुकान उघडलेले नव्हते आणि पहिल्या सोडतीत फक्त २५ दुकानांना संधी मिळाली. माल मात्र आधीच गोदामांत भरला गेला होता. परिणाम निकालात दिसला. कॅनोपीचा निव्वळ महसूल एप्रिल-जून २०१९ मध्ये ९.०५ कोटी कॅनेडियन डॉलर होता, तो जुलै-सप्टेंबरमध्ये ७.६६ कोटींवर आला, म्हणजे १५ टक्क्यांनी घटला. या तिमाहीत परत येणारा माल आणि भावातील सवलत यांसाठी ३.२७ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. त्यात मुख्यतः तेल आणि कॅप्सूलसारखी उत्पादने होती. आधीच्या तिमाहींत विक्री म्हणून मिरवलेला माल आता उलट दिशेने आला होता.

याची चाहूल आधी लागते का? बऱ्याचदा लागते. ताळेबंदात साठा आणि येणी या दोन ओळी पाहाव्यात. विक्री १० टक्क्यांनी वाढली आणि साठा ५० टक्क्यांनी, तर माल पुढे सरकत नाही.

दुसरी पायरी: ढोबळ नफा आणि उभे पीक

आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस ४१ नुसार शेतीतील जिवंत पीक, ज्याला हिशेबात जैविक मालमत्ता म्हणतात, त्याची किंमत वाढीच्या काळातच बाजारभावाने मोजतात आणि तो फायदा नफा-तोटा पत्रकात दाखवतात. भारतातही इंड एएस ४१ हे तसेच मानक आहे.

छत्तीसगडच्या विद्यार्थ्याला हे धानाच्या उदाहरणाने लगेच समजेल. आपल्याकडे सरकारने एकरी २१ क्विंटलपर्यंत धान ३,१०० रुपये क्विंटलने घेण्याचे धोरण ठेवले आहे. समजा एखाद्या शेतकऱ्याने ऑगस्टमध्ये, पीक गुडघाभर असतानाच, २१ गुणिले ३,१०० म्हणजे ६५,१०० रुपयांतील मोठा हिस्सा "कमाई" म्हणून वहीत लिहून टाकला. धान समितीत पोहोचले आणि तोच भाव मिळाला तर हिशेब जुळेल. निदान त्याला भाव तरी आधी ठाऊक आहे. गांजा उत्पादकाला तोही ठाऊक नसतो. भाव पडला, माल जुना झाला, कोणी घेतला नाही, तर आधी लिहिलेली कमाई पुढच्या तिमाहीत तोटा होऊन परत येते.

म्हणून आयएफआरएस पद्धतीने हिशेब देणाऱ्या कंपनीच्या निकालात ढोबळ नफ्याचे दोन आकडे असतात: मूल्यबदल धरण्यापूर्वीचा आणि धरल्यानंतरचा. तुलनेसाठी पहिला घ्यावा. कॅनोपीसारख्या कंपन्या पुढे अमेरिकी लेखापद्धतीकडे वळल्या. त्या पद्धतीत उभ्या पिकाचा असा नफा दाखवला जात नाही. पद्धत बदललेल्या वर्षाची आधीच्या वर्षाशी तुलना करताना आकडे नव्या पद्धतीने पुन्हा मांडलेले आहेत ना, ते तपासावे.

तिसरी पायरी: निव्वळ नफा, आणि त्याचे घटक

ऑरोरा कॅनॅबिसचा जुलै-सप्टेंबर २०१८ चा निकाल वर्गात नेहमी फळ्यावर लिहितो. महसूल सुमारे ३ कोटी कॅनेडियन डॉलर आणि निव्वळ नफा १० कोटींहून अधिक. विक्रीच्या तिप्पट नफा! असा कारखाना उरला-सिलतऱ्यात कोणी दाखवला तर आपण आधी वही तपासू. उत्तर सोपे होते. नफ्याचा बहुतेक भाग कंपनीच्या हातातील इतर गुंतवणुकींच्या कागदी मूल्यवाढीतून आला होता. लगेच पुढच्या तिमाहीत बाजार उतरला, आणि महसूल वाढून ५ कोटींवर गेला तरी तोटा २३ कोटींहून अधिक झाला. दोन्ही तिमाहींत शेतातील कामात एवढा फरक पडलेला नव्हता.

उलट उदाहरण कॅनोपीचे. एप्रिल-जून २०१९ मध्ये तिचा तोटा सुमारे १२८ कोटी कॅनेडियन डॉलर होता. आकडा भयानक आहे, पण त्यातील सुमारे ११८ कोटी हे मोठ्या भागीदाराच्या वॉरंटच्या अटी बदलल्यामुळे झालेले, रोख बाहेर न गेलेले नुकसान होते. म्हणजे भीतीही त्या आकड्याची नको आणि आनंदही नको. उरलेले १० कोटी, ९ कोटींच्या महसुलासमोर, हाच खरा वाचण्याजोगा भाग.

नावलौकिक मूल्य, म्हणजे गुडविल, हा तिसरा घटक. ऑरोराने २०१८ मध्ये मेडरिलीफ ही कंपनी घेण्याचा करार सुमारे ३२० कोटी कॅनेडियन डॉलरला केला, आणि मोबदला रोख नव्हे तर स्वतःचे शेअर देऊन चुकवला. विकत घेतलेल्या कंपनीच्या मालमत्तेपेक्षा जेवढी किंमत जास्त दिली तेवढी ताळेबंदात नावलौकिक म्हणून बसते. अपेक्षा खोट्या ठरल्या की ती खोडावी लागते. जून २०२० ला संपलेल्या वर्षात ऑरोराचा तोटा सुमारे ३३० कोटी डॉलर झाला, त्यात अशी खोडलेली मूल्ये मोठ्या प्रमाणात होती. "रोख गेलेली नाही, फक्त हिशेबातील नोंद आहे" असे अशा वेळी सांगितले जाते. वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. किंमत त्याच दिवशी चुकवली गेली होती, जुन्या भागधारकांचा वाटा पातळ करून.

चौथी पायरी: समायोजित एबिटडा आणि विभागवार आकडे

एबिटडा म्हणजे व्याज, कर आणि घसारा यांपूर्वीची कमाई. "समायोजित" एबिटडामध्ये व्यवस्थापनाला अपवादात्मक वाटणारे खर्चही बाजूला ठेवतात. मे २०२५ ला संपलेल्या वर्षात टिलरेचा समायोजित एबिटडा सुमारे ५.५ कोटी अमेरिकी डॉलर नफा दाखवत होता आणि निव्वळ तोटा सुमारे २२० कोटी डॉलर होता. दोन्ही आकडे एकाच निकालातील आहेत. समायोजन करताना काय वगळले याची यादी अहवालातच असते. तीच बाब सलग तीन वर्षे "अपवादात्मक" म्हणून वगळली जात असेल तर ती नेहमीचा खर्च मानावी.

त्याच निकालात आणखी एक धडा आहे. टिलरेचा एकूण महसूल ८२ कोटी डॉलर होता. त्यातील गांजाचा वाटा सुमारे २५ कोटी. बिअर व इतर पेये जवळपास तेवढीच, आणि औषधवितरणाचा धंदा दोघांपेक्षा मोठा. आपण कॅनॅबिसचा शेअर घेतला असे समजणाऱ्याने प्रत्यक्षात बिअर आणि औषधवितरणातही पैसे टाकलेले असतात. हे चांगले की वाईट हा पुढचा प्रश्न. आधी ते माहीत हवे. विभागवार माहितीची टीप उघडल्याशिवाय ते कळत नाही.

पाचवी पायरी: रोख प्रवाह

हे पत्रक तीन भागांत असते: धंद्यातून, गुंतवणुकीतून आणि भांडवल उभारणीतून आलेली-गेलेली रोख. पहिला भाग सर्वांत महत्त्वाचा.

एक काल्पनिक उदाहरण सोडवू. कंपनीकडे १८ कोटी डॉलर रोख आहे. तिमाहीत धंद्यातून ४.५ कोटी बाहेर जातात आणि यंत्रे-इमारतींवर १.५ कोटी खर्च होतात. एकूण ६ कोटी. म्हणजे १८ भागिले ६, फक्त ३ तिमाही पुरेल एवढीच रोख आहे. नऊ महिन्यांच्या आत कंपनी कर्ज काढेल, मालमत्ता विकेल किंवा नवे शेअर काढेल. चौथा मार्ग नाही. ही एक भागाकाराची ओळ भावाच्या कुठल्याही आलेखापेक्षा अधिक सांगते.

मालमत्ता विकून आलेली रोख दुसऱ्या भागात दिसते, आणि ती एकदाच येते. कॅनोपीचे मुख्यालय ऑन्टारियोतील स्मिथ्स फॉल्स गावी हर्शी कंपनीच्या जुन्या चॉकलेट कारखान्यात होते. २०२३ मध्ये तो कारखाना सुमारे ५.३ कोटी कॅनेडियन डॉलरला पुन्हा हर्शीलाच विकला गेला. घर विकून आलेल्या पैशाला आपण पगार म्हणत नाही. येथेही म्हणू नये.

सहावी पायरी: शेअरसंख्या

आता "दोन-चार डॉलरला मिळतो, म्हणजे स्वस्त" या समजाकडे येऊ. शेअरचा भाव हा अर्धाच आकडा असतो. भाव गुणिले शेअरसंख्या ही कंपनीची किंमत.

समजा महसूल वर्षभरात ४० टक्क्यांनी वाढला आणि त्याच काळात शेअर ७५ टक्क्यांनी वाढले. १.४० भागिले १.७५ म्हणजे ०.८०. कंपनी वाढली, पण तुमच्या एका शेअरमागचा महसूल २० टक्क्यांनी घटला. नफा-तोटा पत्रकाच्या तळाशी "भारित सरासरी शेअरसंख्या" ही ओळ असते. ती गेल्या वर्षाच्या त्याच तिमाहीशी ताडून पाहावी, आणि वॉरंट, शेअर-पर्याय व रूपांतरणीय कर्जरोखे यांतून आणखी किती शेअर येऊ शकतात ते टिपांत शोधावे.

भाव फार खाली गेला की बाजारातील नोंदणी टिकवण्यासाठी कंपन्या शेअर एकत्र करतात. ऑरोराने मे २०२० मध्ये १२ चा १ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १० चा १ केला. म्हणजे २०१९ मध्ये ज्याच्याकडे १,२०० शेअर होते त्याच्याकडे आज १० आहेत. एकत्रीकरणाने किंमत आपोआप बदलत नाही, पण जुना भाव पडद्यावर दिसेनासा होतो. कॅनोपीने डिसेंबर २०२३ मध्ये १० चा १ केला. २०१८ मध्ये कॉन्स्टेलेशन ब्रँड्स या मोठ्या मद्यकंपनीने तिच्यात सुमारे ५०० कोटी कॅनेडियन डॉलर गुंतवले, दर शेअरला ४८.६० डॉलर देऊन. आजच्या मोजमापात तो भाव ४८६ डॉलर होतो. २०२४ च्या अखेरीस शेअर १० डॉलरच्याही खाली होता. शंभरातले दोन रुपयेही धड उरले नाहीत, आणि हे तज्ज्ञांची फौज बाळगणाऱ्या कंपनीचे झाले.

सातवी पायरी: टिपा आणि लेखापरीक्षक

टिपांत दोन शब्दप्रयोग शोधावेत. पहिला "चालू संस्था" म्हणून टिकण्याबद्दल शंका. पुढच्या बारा महिन्यांची देणी भागतील का, याबद्दल गंभीर प्रश्न असेल तेव्हा तो येतो. कॅनोपीच्या मार्च २०२३ अखेरच्या वार्षिक निकालात तो आला होता. दुसरा, "पूर्वीच्या निकालांवर विसंबू नये". मे २०२३ मध्ये कॅनोपीने बायोस्टील या आपल्या क्रीडापेय विभागातील विक्रीच्या नोंदींमुळे आधीच्या वर्षाचे आणि काही तिमाहींचे आकडे मागे घेतले आणि पुन्हा मांडले. ज्यांनी ते आकडे प्रमाण मानून आलेख काढले होते त्यांचे आलेखच चुकले. तिमाही निकाल सहसा पूर्ण लेखापरीक्षित नसतात, हे म्हणूनच विसरू नये.

४. अमेरिकी कंपन्यांची वेगळी अडचण

क्युरालीफ, ट्रुलिव्ह यांसारख्या कंपन्या अमेरिकेच्या राज्यांच्या परवान्यांवर चालतात, पण केंद्रीय कायद्यातील बंदीमुळे त्यांनी शेअरनोंदणी कॅनडातील बाजारांत केली. अमेरिकी करकायद्याच्या कलम २८०ई प्रमाणे, अनुसूची एक किंवा दोनमधील पदार्थांच्या व्यापारात मालाची किंमत सोडून बाकी खर्च वजा करता येत नाहीत.

गणित असे. विक्री १००, मालाची किंमत ५०, ढोबळ नफा ५०, पगार-भाडे वगैरे ४०, करपूर्व नफा १०. साधी कंपनी १० वर २१ टक्के, म्हणजे २.१ कर देईल. कलम २८०ई लागू असलेली कंपनी ५० वर २१ टक्के, म्हणजे १०.५ देईल. नफा १० आणि कर १०.५: धंदा चांगला चालूनही ०.५ तोटा. ट्रुलिव्हसारख्या काही कंपन्यांनी हे कलम आपल्याला लागू नाही अशी भूमिका घेतली. असा न भरलेला कर ताळेबंदात "अनिश्चित करदायित्व" म्हणून साठत जातो. तोवर रोख प्रवाह चांगला दिसतो, पण ती रोख पूर्णपणे कंपनीची आहे असे धरता येत नाही.

५. भारतातून पाहणाऱ्यासाठी

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाख रुपयांवर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर पैसा अडकतो. परदेशी शेअर विवरणपत्राच्या अनुसूची एफए मध्ये दाखवावे लागतात, आणि तेथे हिशेब कॅलेंडर वर्षाचा असतो, आर्थिक वर्षाचा नाही. कॅनॅबिस कंपनीच्या बाबतीत बँकेचे व दलालाचे नियम आणि कायद्याची बाजू सनदी लेखापालाला आधी विचारावी. नुसता अभ्यास करायला मात्र एक रुपयाही पाठवावा लागत नाही.

६. एका पानाची तपासणी

दर तिमाहीला, दर कंपनीसाठी, वहीत एवढे आठ आकडे लिहा:

१) निव्वळ महसूल
२) एकूण महसुलात अबकारीचे प्रमाण
३) मूल्यबदलापूर्वीचा ढोबळ नफा, टक्क्यांत
४) साठा आणि येणी, महसुलाच्या तुलनेत
५) धंद्यातून आलेली किंवा गेलेली रोख
६) शिल्लक रोख किती तिमाही पुरेल
७) शेअरसंख्या, मागील वर्षाच्या त्याच तिमाहीच्या तुलनेत
८) बारा महिन्यांत फेडायचे कर्ज

निव्वळ नफा यादीत मुद्दाम नाही. वरचे आठ आकडे भरल्यावर तो का वाढला किंवा घटला हे तुम्ही स्वतः सांगू शकाल. सलग चार तिमाही वही भरल्याशिवाय कंपनीबद्दल मत बनवू नये.

स्वाध्याय

१) एका कंपनीची रोख ३० कोटी डॉलर आहे. धंद्यातून दर तिमाहीला ५ कोटी जातात, भांडवली खर्च २.५ कोटी आहे आणि दहाव्या महिन्यात १२ कोटींचे कर्ज फेडायचे आहे. रोख कधी संपेल?

२) उत्पादकाला प्रतिग्राम ५ डॉलर मिळत असताना अबकारीचे प्रमाण किती टक्के? भाव ३ डॉलरवर आला तर किती?

३) महसूल ६० टक्क्यांनी आणि शेअरसंख्या १०० टक्क्यांनी वाढली. प्रतिशेअर महसुलात किती बदल झाला?

४) रायपूरच्या गोदावरी पॉवर अँड इस्पात या नोंदणीकृत कंपनीचा ताजा तिमाही निकाल राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून काढा आणि टिलरेच्या निकालाशेजारी ठेवा. वरील आठपैकी कोणते आकडे लोखंडाच्या कंपनीला लागू होत नाहीत, आणि का, ते दहा ओळींत लिहा.